मुंबईचा सिंफनी ऑर्केस्ट्रा गेला कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलीला घेऊन तुम्ही नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिंफनी (मोठ्या वाद्यवृंदासाठी, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली लांब पाश्चात्त्य रचना) ऐकायला गेलात. मंचावर बरेचसे वादक परदेशी दिसले. मध्यंतरात शेजारच्या एका वयस्क गृहस्थांनी सांगितलं, की पूर्वी मुंबईचा स्वतःचा ऑर्केस्ट्रा होता, प्रख्यात कंडक्टर (वाद्यवृंद-संचालक) झुबिन मेहतांच्या वडिलांनी काढलेला. मग तो गेला कुठे? एवढ्या मोठ्या शहराला तो सांभाळता का आला नाही? आणि तुमची अकरा वर्षांची मुलगी पुण्यात व्हायोलिन शिकते आहे, तिच्या पाठीशी इथली काही परंपरा आहे, की सगळा मामला उसना?

मी व्हिओला वाजवतो, म्हणजे व्हायोलिनचा थोडा मोठा, खालच्या सुराचा भाऊ. धोबी तलावला एका गोवेकर सरांकडे शिकलो, सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवलं, शहरातल्या हौशी-व्यावसायिक वृंदांमध्ये वाजवलं आणि आता शिकवतो. त्यामुळे मी या इतिहासाकडे मागच्या खुर्चीवरून बघतो, आणि तिथून तुमचा प्रश्न जरा वेगळा दिसतो. ऑर्केस्ट्रा कोणी काढला, कोणी सोडला, हे सांगणं सोपं आहे. दुसऱ्या व्हायोलिनच्या रांगेत चौथ्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाचं घर कशावर चालत होतं, हा खरा प्रश्न आहे. मुंबईत त्याचं उत्तर दर पंधरा-वीस वर्षांनी बदललं, आणि प्रत्येक वेळी ऑर्केस्ट्राचं रूपही बदललं.

आधी त्या गृहस्थांचं म्हणणं. ते बरोबर आहे. मेहली मेहता (जन्म 1908) यांनी 1935 मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. ते स्वतः व्हायोलिनवादक, ऑर्केस्ट्राचे कॉन्सर्टमास्टर, म्हणजे व्हायोलिनच्या पहिल्या खुर्चीवरचे म्होरके. कंडक्टर म्हणून बेल्जियमहून आलेले ज्यूल्स क्रेन. मुंबईत त्याआधी पाश्चात्त्य संगीत नव्हतं असं नाही. हॉटेलांत, क्लबांत, मूकपटाच्या थिएटरांत ते रोज वाजत होतं. पण बेथोवन, ब्राम्स, त्चायकोव्स्की यांच्या सिंफनी या शहरातल्या माणसांनी बसून, तालमी करून, हंगामागून हंगाम वाजवायच्या, हा ध्यास मेहलींचा. पुढे त्यांनी बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट हा चार तंतुवादकांचा संचही चालवला. झुबिन 1936 चे; घरात क्वार्टेटच्या तालमी ऐकतच ते मोठे झाले.

त्याच सुमाराला आणखी एक माणूस मुंबईत आला. वॉल्टर काउफमान, बोहेमियातले ज्यू संगीतकार, नाझींच्या छायेतून निसटून 1934 मध्ये इथे उतरले. त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी सुरू केली, तिथे मेहलीही वाजवायचे. आकाशवाणीत काउफमान पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते. सकाळी रेडिओ लावला की तानपुऱ्यावर व्हायोलिनची जी धून लागायची, ती त्यांची. 1946 मध्ये ते भारतातून गेले. म्हणजे या शहराच्या संगीतात बाहेरून आलेल्या माणसाचा हात पूर्वीपासून आहे. आज मंचावर परदेशी चेहरे दिसतात म्हणून काही नवीन घडतंय असं समजू नका.

आता खुर्च्यांवर कोण बसायचं ते बघू. मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो भाग हाच. व्हायोलिनच्या पुढच्या खुर्च्यांवर पारशी, काही युरोपीय. तंतुवाद्यांच्या मागच्या रांगा आणि फुंकवाद्यं बरीचशी गोवेकरांची. पितळी वाद्यांसाठी नौदलाच्या बँडमधली माणसं. ब्राम्सची पहिली सिंफनी घ्या. तिला फुंकवाद्यांत दोन ओबो लागतात, दोन बासून (लांब नळीचं, खर्जातलं वाद्य) आणि वर एक कॉन्ट्राबासून, चार हॉर्न, दोन ट्रम्पेट, तीन ट्रॉम्बोन. व्हायोलिन वाजवणारी तीस माणसं मुंबईत कधीही मिळाली असती. बासून वाजवणारी दोन मिळणं मुश्कील होतं, आणि आजही आहे. बासून घरी बसून हौसेनं शिकण्याचं वाद्य नाही: महाग असतं, त्याची रीड (तोंडात धरायची बोरूसारख्या गवताची पातळ पट्टी) सतत घडवावी-बदलावी लागते, आणि दमट हवेत ती रीड एका आठवड्यात दोन तऱ्हांनी वागते. जिथे लष्करी बँड असतो, कॉन्झर्व्हेटरी (संगीताचं पूर्णवेळ महाविद्यालय) असते, तिथेच अशी माणसं तयार होतात. मुंबईला बँड होते, कॉन्झर्व्हेटरी नव्हती.

मग गोवेकर इतके कुठून आले? उत्तर गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये आहे. पोर्तुगीज काळात प्रत्येक मोठ्या चर्चला जोडून संगीताचा वर्ग असे. तिथे मुलाच्या हातात वाद्य आधी देत नसत. आधी सॉल्फेजिओ. हातानं मात्रा देत, कागदावरचा स्वर नावानं गात म्हणायचा. तो पक्का झाला की मग व्हायोलिन किंवा क्लॅरिनेट. माझ्या सरांनी मलाही असंच बसवलं. व्हायोलिन पेटीत बंद, आणि मी टेबलावर हात आपटत सा-रे-ग ऐवजी दो-रे-मी म्हणतोय. हिंदुस्थानी संगीतात वाढलेल्या घरातला मी, मला तेव्हा ते कंटाळवाणं वाटायचं. पण समोर ठेवलेला कधीही न पाहिलेला कागद पहिल्याच फेरीत वाजवायची ताकद त्यातूनच येते. ओळीतल्या पुढच्या दोन मात्रा डोळ्यांनी आधीच वाचून ठेवायच्या, हात मागून येतो. ही तयारी घेऊन मुलं गोव्यातून मुंबईला यायची, धोबी तलावच्या आपापल्या गावाच्या 'कुडी'त (गावकऱ्यांच्या सामाईक बिऱ्हाडात) उतरायची आणि संध्याकाळी कुठेतरी वाजवायला लागायची. गोवेकरांच्या संगीताबद्दल बोलताना लोक मांडो आणि दुलपद या गोव्याच्या पारंपरिक गाण्यांवर थांबतात. मांडो सुंदरच आहे, पण मुंबईच्या संगीताला त्यांनी दिलेली मोठी देणगी म्हणजे हे कागद वाचणं.

इथपर्यंतचं एका वाक्यात: शहरात ध्यास असलेला एक नेता होता, बाहेरून आलेले जाणकार होते, वाचणारे वादक होते, पण वादकाला महिन्याचा पगार देणारा ऑर्केस्ट्रा नव्हता. वादकाची रोजी हॉटेलात होती, बँडमध्ये होती. सिंफनी उरलेल्या वेळात.

ही रोजी 1949 नंतर हलली, आणि तेही एका कायद्यामुळे. त्या वर्षी मुंबई प्रांतात दारूबंदीचा कायदा आला. हॉटेलं आणि नाइटक्लब यांच्या संध्याकाळी थंडावल्या. डान्स बँड चालवणं परवडेना. ब्रिटिश श्रोते 1947 लाच निघून गेले होते. युद्धकाळात इथे आश्रयाला आलेले ज्यू वादकही हळूहळू पुढे इतर देशांत गेले. मेहली स्वतः 1945 ते 49 न्यूयॉर्कमध्ये व्हायोलिनचे नामवंत शिक्षक इव्हान गॅलमियन यांच्याकडे शिकत होते. परत आले तेव्हा शहर बदललेलं होतं. झुबिन 1954 मध्ये व्हिएन्नाला गेले. 1955 मध्ये मेहलीही गेले: आधी मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात, पुढे अमेरिकेला. लॉस एंजेलिसला त्यांनी तरुण वादकांचा अमेरिकन यूथ सिंफनी काढला आणि वयाच्या नव्वदीपर्यंत चालवला. मला याचं वाईट वाटतं आणि ते मी लपवत नाही. तरुण वादकांना बसवून, घासून-पुसून ऑर्केस्ट्रा घडवायची त्यांची हातोटी होती, आणि तिला तीन दशकांहून जास्त काळ पोसलं ते दुसऱ्या शहरानं.

बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा त्यांच्यानंतर पूर्वीसारखा राहिला नाही. पण 'मेला' म्हणणं मला पटत नाही. माणसं मुंबईतच होती. ती ताडदेवला, महालक्ष्मीला, पुढे वांद्र्याला रेकॉर्डिंग स्टुडिओत जाऊन बसली.

हिंदी सिनेमाला पन्नाशीच्या दशकात मोठे वाद्यवृंद हवे होते. चाल बांधणारे संगीतकार बहुतेक पेटीवर, गळ्यावर चाल द्यायचे. ती चाल कागदावर उतरवून वीस व्हायोलिन, चार चेलो, बासरी, ट्रम्पेट यांच्यात वाटणं हे अरेंजरचं काम, आणि अरेंजर बहुतेक गोवेकर. सेबॅस्टियन डिसूझा यांनी ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशन यांच्यासाठी जे लिहिलं, त्यात व्हायोलिनची रांग गायिकेच्या सुराखाली नुसती पसरून राहत नाही, ती स्वतःची दुसरी चाल गाते. सी. रामचंद्रांच्या सोबत ट्रम्पेटवाले अँटोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट होते. फ्रँक फर्नांड होते. मराठीत आपल्याकडे प्रभाकर जोगांचं व्हायोलिन होतं, सुधीर फडक्यांसोबत. ते मांडी घालून, आपल्या पद्धतीनं वाजवणारे. एकाच शहरात दोन्ही हात एकमेकांना ऐकत होते.

या काळातली एक संध्याकाळ खास सांगितली पाहिजे. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्व्हिस (प्यारेलाल यांचे गुरू, त्या सुप्रसिद्ध फिल्मी गाण्यात ज्यांचं नाव आलं ते) दिवसा स्टुडिओत वाजवायचे आणि रात्री रागांवर आधारलेल्या रचना ऑर्केस्ट्रासाठी लिहायचे. सारंग रागावर त्यांचा कॉन्चेर्टो (एक मुख्य वाद्य आणि त्याच्यासोबत ऑर्केस्ट्रा अशी रचना) आहे. 1958 मध्ये त्यांनी सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात शंभराहून अधिक वादक बसवले आणि या रचना वाजवून घेतल्या. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. पदरमोड करून केलेला तो प्रयोग. 'मुंबईची सिंफनी परंपरा' म्हणून बोट कुठे ठेवायचं असं मला कोणी विचारलं, तर मी आधी तिथे ठेवीन: चर्चच्या शाळेत शिकलेला हात, स्टुडिओतले वादक, आणि सारंग. पण तोही टिकला नाही. साठच्या दशकात ते अमेरिकेला गेले, आणि परत आल्यावर गोव्यात निवांत राहिले.

इथे तुम्ही विचाराल, की इतके वादक शहरात होते, तर त्यांचाच ऑर्केस्ट्रा का उभा राहिला नाही? पैसा हे एक कारण. रेकॉर्डिंगच्या शिफ्टचे पैसे त्याच आठवड्यात मिळत. सिंफनीच्या तालमीला पंधरा दिवस संध्याकाळी यायचं आणि हातात जेमतेम टॅक्सीभाडं. चाळीत संसार असलेल्या माणसानं काय करावं? पण मी दोन्हीकडे वाजवलंय, आणि मला दुसरंही एक कारण दिसतं. वाजवण्याची सवयच वेगळी होत जाते.

स्टुडिओत तुमच्या समोर माइक असतो. गज हलका ठेवला तरी चालतो, उलट तसाच हवा असतो. जोर दिला की रेकॉर्डिस्ट काचेमागून हात हलवतो. पार्ट, म्हणजे आपल्या वाद्यापुरता लिहिलेला कागद, तुम्हाला दहा मिनिटं आधी मिळतो. वीस सेकंदांचा तुकडा, मग गाणं, मग पुन्हा बारा सेकंद. त्या वीस सेकंदांत सगळ्या व्हायोलिननी एकाच जागी एकसारखी मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) घ्यायची. कागदावर ती मींड लिहिलेली नसते. पुढच्या खुर्चीवरचा वादक कशी घेतो ते कानानं टिपायचं आणि दुसऱ्या टेकला सगळ्यांनी तशीच घ्यायची. हे कौशल्य जगात फार थोड्या ठिकाणी आहे. युरोपातला उत्तम वादकसुद्धा इथे पहिल्या दिवशी गोंधळतो.

सिंफनीत हेच सगळं उलटं. माइक नाही, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज गजानं पोचवायचा, आणि अतिशय हळू वाजवतानाही तो पोचला पाहिजे. चाळीस मिनिटं एकच विचार धरून ठेवायचा. व्हिओलाला तर पानामागून पान नुसती साथ असते. तिथे आपण ओबोच्या श्वासावर वाजवायचं असतं. तो श्वास घेताना दिसला नाही तर ऐकायचा. दोघांत एक स्टँड, आतल्या बाजूच्यानं पान उलटायचं, बाहेरच्यानं वाजवत राहायचं. गज वर की खाली हे पहिल्या स्टँडनं ठरवायचं आणि बाकीच्यांनी पेन्सिलीनं उतरवून घ्यायचं. ही शिस्त तालमीतच येते. वर्षातून दोन-तीनदा जमून येत नाही. म्हणून एक-एक वादक घेतला तर अव्वल, आणि एकत्र बसले की मात्र दर वेळी नव्यानं जुळवाजुळव, असं आम्हा मुंबईकरांचं अनेक वर्षं होत आलं.

मधल्या काळात धागा ज्यांनी तुटू दिला नाही त्यांचं नाव घेतलंच पाहिजे. 1962 पासूनचा बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रा, जो जिनी दिनशॉ यांनी चिकाटीनं चालवला. व्हिक्टर परंज्योती यांनी सुरू केलेला आणि पुढे कूमी वाडियांनी घडवलेला परंज्योती कोरस हा गायकवृंद. मेहलींच्या नावाचं फाउंडेशन. धोबी तलावचं फुर्टाडोज हे वाद्यांचं दुकान, 1865 पासूनचं. तार तुटली किंवा पुस्तक हवं असलं की अजूनही पाय तिकडेच वळतात. मेहली ज्या काळात वाजवायचे त्या काळचा कावसजी जहांगीर हॉल आता आधुनिक कलेचं राष्ट्रीय दालन आहे. तिथे चित्रं बघायला गेलात तर मुलीला सांगा की इथे मैफली व्हायच्या.

नव्वदच्या दशकात सिंथेसायझरनं स्टुडिओतल्या व्हायोलिनच्या रांगा संपवल्या. एक माणूस कीबोर्डवर तीस व्हायोलिनचा आवाज काढू लागला. याचा परिणाम सिंफनीवर झाला, आणि तो उशिरा कळला: वाचणारे नवे हात तयार होणंच कमी झालं. रोजी नाही तर बाप मुलाला का शिकवेल? म्हणून 2006 मध्ये एनसीपीएचे खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेंगालिएव यांनी सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू केला, तेव्हा खुर्च्या भरायला बाहेरची माणसं आणावी लागली. तुम्हाला मंचावर दिसलं ते त्याचंच चित्र.

याबद्दल शहरात दोन मतं आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. एक म्हणतं, नावात भारत आहे आणि मंचावर भारतीय थोडे. दुसरं म्हणतं, आधी दर्जा उभा करा, माणसं त्यातूनच तयार होतील. मी दुसऱ्या बाजूला झुकतो, पण एका अटीवर: शिकवणं थांबता कामा नये. तिथले काही वादक वर्षभर मुंबईत राहून मुलांना शिकवतात, आणि माझ्या मते सप्टेंबर-फेब्रुवारीच्या मैफलींपेक्षा ते काम मोठं आहे. 1935 ला, 1958 ला जे नव्हतं ते हेच. पगार घेऊन बसलेले शिक्षक-वादक. झाकीर हुसेन यांनी 2015 मध्ये या ऑर्केस्ट्रासाठी 'पेशकार' हा तबल्याचा कॉन्चेर्टो लिहिला आणि 2019 मध्ये तो ब्रिटनच्या दौऱ्यावर वाजला, तेव्हा मला झेवियर्सच्या चौकाची आठवण झाली. या वेळी पाठीशी संस्था होती.

तेव्हा 'परंपरा आहे का' या प्रश्नाचं उत्तर तुम्ही परंपरा कशाला म्हणता यावर अवलंबून आहे. व्हिएन्नासारखी, एकच संस्था दीडशे वर्षं, हे हवं असेल तर मुंबईकडे ते नाही. शिकवणाऱ्याकडून शिकणाऱ्याकडे गेलेला हात म्हणाल, तर तो गोव्याच्या चर्चपासून धोबी तलाव, ताडदेव आणि नरिमन पॉइंटपर्यंत तुटलेला नाही. पातळ झालाय.

मुलीबद्दल. पुण्यात आहात, त्यामुळे शिक्षक कोण यावर बरंच काही ठरेल, आणि ते मला इथून सांगता येणार नाही. पण त्यांना तीन गोष्टी विचारा. ती कागद गाऊन वाचते का, की शिक्षकांचं ऐकून वाजवते? नुसतं ऐकून वाजवत असेल तर आत्ताच सॉल्फेजिओ सुरू करा; पंधराव्या वर्षी ते जड जातं. वर्गात मुलं एकत्र बसून वेगवेगळे पार्ट वाजवतात का? नसतील तर दोन-तीन मुलांचे पालक मिळून महिन्यातून एकदा ते घडवून आणा, व्हायोलिनच्या दुहेरी रचना सहज मिळतात. आणि तिसरं, ती हिंदुस्थानीही शिकते का? शिकत असेल तर सोडवू नका. दोन्ही हात वेगळे ठेवावे लागतात, पण कान एकच असतो, आणि मुंबईत आजही दोन्ही येणाऱ्याला काम आधी मिळतं.

व्हिओलाचा विचार पुढे जरूर करा. तिथे रांग लहान असते आणि कुठलाही वृंद व्हिओलावाल्याला नाही म्हणत नाही. अकराव्या वर्षी बहुतेक मुलांचा हात पूर्ण मापाच्या व्हिओलाला लहान पडतो. तेरा-चौदाला मापून बघा. तोवर तिला पहिल्या व्हायोलिनचा पार्ट कमी आणि दुसऱ्याचा जास्त वाजवू द्या.